पत्र कुणाला लिहायचं? (कल्याण येथील भाषण)



कल्याणात आपण अर्ज पुष्कळ खरडले. नळासाठी, घरासाठी, नोकरीसाठी. उत्तर गोड येतं, नळ येत नाही. हा खेळ जुना आहे.

थॉमस जेफर्सननं १७७६ साली लिहिलं, सगळी माणसं समान. आणि स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबवले. १७९१ साली बेंजामिन बॅनेकर या काळ्या पंचांगकर्त्यानं पत्र धाडून त्याला जाब विचारला. जेफर्सननं ११ दिवसांनी उत्तर लिहिलं. फार सभ्य! बेडी तिथंच. तो मेल्यावर, १८२७ साली, त्याच्या कर्जापायी मळ्यावरची माणसं लिलावात विकली.

१९४६ साली बाबासाहेबांनी वेगळाच पत्ता शोधला. काळ्यांचे विचारवंत ड्युबॉइस यांना त्यांनी लिहिलं: तुमच्या लोकांनी युनोला दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती धाडा, अस्पृश्यही त्याच वाटेचा विचार करताहेत. ३१ जुलैला ड्युबॉइसनं उत्तर लिहिलं: अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, आणखी मोठा अर्ज झाला तर प्रत पाठवीन.

ही दयेची भीक नव्हे. एका लढाईनं दुसरीकडं मागितलेलं हत्यार आहे.

तेव्हा साहेबाला जरूर लिहा. पण नक्कल आधी शेजारच्या वस्तीत न्या. सही एकट्याची नको, सगळ्यांची हवी.