घुसाडीला बोलावणं धाडायचं नसतं



८ मार्चच्या मेळाव्याची तयारी चालली होती. ग्रामसंघात आम्ही ठरवलं, पाहुण्यांच्या स्वागताला घुसाडी नाचवू. मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं. फोटो छान येतील, एवढाच आमचा विचार. तेवढ्यात मागं बसलेली आमची गोंड आजी बोलली, ‘‘तो काय बाजेवाला व्हय? दिवाईले येते तो. त्याले बोलावणं नसते धाडाचं.’’

आम्ही गप्पच झालो. पांढरकवडा, झरी जामणीकडं दिवाळीला दंडारी येते, लहानपणापासून पाहतो. पण घुसाडी म्हणजे हसवणारं सोंग, एवढंच आमच्या डोक्यात. आजीनं सांगितलं, दंडारी संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही. त्या दिवसांत त्याच्या अंगी देव असतो. तो सगळ्यांच्या खोड्या काढतो आणि लोक त्याच्याच पाया पडतात. त्याची काठी लागली की दुखणं जातं, असंही मानतात. (दवाखान्यात मात्र जायचंच, बरं का.)

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात होपी आदिवासी आहेत, कोरडवाहू मका पिकवणारे. त्यांच्या पाऊस आणणाऱ्या देवता, कत्सिना, हिवाळ्यात गावात येतात नि जुलैत परत जातात. मुलींना त्यांची ओळख व्हावी म्हणून लाकडी बाहुल्या कोरून देतात. त्यांत विदूषकही असतो: कुणी मातकट, डोक्यावर टेंगळं असलेला, कुणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. सणात हे विदूषक हावऱ्यासारखे खातात, भांडतात, सगळं उलटंच करतात. लोक हसतात, आणि हसता हसता आपलंच वागणं त्यांना दिसतं.

आमच्यातल्या शिकलेल्या पोरी आजीशी भांडल्या. तेलंगणातल्या मर्लवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, मग आपल्याच मंचावर का नको? त्यांचंही चूक नव्हतं. पण ज्यांचा देव त्यांचं ऐकायचं, असं ठरलं. मेळाव्यात आम्ही लेझीम खेळलो.

दिवाळीत दंडारी आली. घुसाडी थेट आमच्या ओसरीवर चढला, बचतगटाचं रजिस्टर उचललं, उलटं धरलं आणि मोठ्यानं थकलेले हप्ते वाचायला लागला. सगळी नावं आम्हा पदाधिकाऱ्यांची! कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. बाया पोट धरून हसल्या. आमच्या अध्यक्षबाईंनी तोंडाला पदर लावला. मग उठून त्याच्या पाया पडल्या.