घंटा कुणासाठी वाजावी?

पत्राची वाट पाहणं हे आम्हा कोकणातल्या मुसलमान घरांचं जुनंच काम. घरटी एखादा माणूस आखातात. पोस्टमन मोहल्ल्यात शिरला की दारादारांत माणसं उभी राहत. पुढे पत्र संगणकावर येऊ लागलं, पण ते आलं हे सांगणारं कुणीतरी लागतंच.

ही गरज फार लवकर ओळखली गेली. १९८० साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'बिफ' नावाचा एक चिमुकला प्रोग्राम आला. टपाल आलं की तो पडद्यावर वर्दी देई. हे नाव तिथल्या एका कुत्र्याचं. पोस्टमनला पाहून तो भुंकायचा म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट पसरली. त्याच्या मालकिणीने मात्र ती खरी नसल्याचं सांगितलं. पुढे 'एक्सबिफ' आला. त्यात टपालपेटीचं चित्र असे आणि टपाल आलं की पेटीचं निशाण वर होई.

या प्रोग्रामांचं काम साधं असतं. ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जायचं, नाव आणि पासवर्ड सांगायचा आणि विचारायचं, किती पत्रं आहेत? 'पॉप थ्री' पद्धतीत पत्रांची संख्या आणि एकूण आकार एवढंच उत्तर मिळतं. हवं तर पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयही पाहता येतो. अख्खं पत्र उतरवून घ्यावं लागत नाही. डायल-अपच्या दिवसांत, पल्सगणिक फोनचं बिल चढत असताना, ही मोठी सोय होती. १९९७ साली 'आयमॅप'ला 'आयडल' ही जोड मिळाली आणि जोडणी चालू असेपर्यंत सर्व्हरच आपणहून निरोप देऊ लागला.

२००७ साली अम्मी आजारी होती. धाकटा भाऊ दम्मामला. त्याच्या रजेचा निरोप ई-मेलनेच यायचा होता. मी संगणकावरच्या अशाच एका प्रोग्रामला सांगून ठेवलं, भावाचं नाव दिसलं तरच घंटा वाजव. जाहिराती, बिलं, कविसंमेलनांची निमंत्रणं, सगळी मुकी. तीन दिवस घंटा वाजली नाही. अम्मी पलंगावरून विचारायची, "आलं काय काही?" चौथ्या दिवशी ती वाजली आणि पत्र उघडण्याआधीच घरभर कळलं. भाऊ आला. दोघांची भेट झाली.

आज खिशातला फोन दिवसभर वाजतो. बँक, दुकान, लग्नाचा ग्रुप, सगळ्यांचा आवाज एकच. त्यात आपल्या माणसाची हाक कोणती, हे कानाला कळेनासं होतं. दोष यंत्राचा नाही. निवड करण्याची सोय त्यात आजही आहे, ती करायची राहून जाते.

तेव्हा एकदा कागद घेऊन बसा आणि कुणाच्या पत्रासाठी हातातलं काम सोडून उठाल, ती नावं लिहा. यादी फार लांबत नाही.