पोलादी पेटीतील माणूस



यंत्र आले की युद्धात माणसे कमी मरतील, अशी ग्वाही रणगाड्याच्या पुरस्कर्त्यांनी दिली होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोम आघाडीवर ब्रिटिशांनी रणगाडे प्रथम रणांगणात उतरविले. त्या ग्वाहीची किंमत आतून पाहिलेला साक्षीदार म्हणजे विल्फ्रेड बायन. १८९७ साली मथुरेत जन्मलेला, हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या अभियंत्याचा हा मुलगा ऐन विशीत रणगाडा दलाचा अधिकारी होऊन १९१७ साली फ्रान्सला गेला.

त्या वेळचा ‘मार्क चार’ रणगाडा सुमारे अठ्ठावीस टनांचा, आणि वेग माणसाच्या चालीचा. आत आठ माणसे आणि त्यांच्या मधोमध उघडे इंजिन. असह्य उष्मा, विषारी धूर, कान बधिर करणारा गोंगाट. तो नुसता वळवायचा तरी चौघांचे हात लागत. बाहेर गोळ्या आदळल्या की आतल्या पत्र्याचे कण उडून चेहरे रक्तबंबाळ होत. गिरणीतील सारे हाल येथे होते. भर होती ती तोफांच्या माऱ्याची.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी काँब्रे येथे ४७६ रणगाडे जमविण्यात आले. पहिल्याच दिवशी १७९ निकामी झाले. त्यांपैकी शत्रूच्या माऱ्याने ६५, उरलेले ११४ बिघाडाने वा रुतून. बायनचा रणगाडाही बंद पडला. बाहेर येऊन तो मशीनगनने लढला आणि त्याला शौर्यपदक मिळाले.

परंतु पदकाने हिशेब पुरा होत नाही. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँच्या लढाईत त्याच्या शेजारचा तरुण निरोप्या छाती फुटून कोसळला. आपल्या आईला पत्र लिहा, एवढेच तो पुनःपुन्हा विनवीत राहिला. स्वतः बायनलाही रणांगणावरून आईवडिलांना पत्रे लिहिणे जमले नव्हते. ती उणीव त्याने युद्धानंतर त्यांच्यासाठी रोजनिशी लिहून भरून काढली. पुढे तो नामांकित मनोविश्लेषक झाला, १९७९ साली वारला. ती रोजनिशी छापून आली १९९७ साली.

शस्त्रखरेदीच्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत, सुटे भाग, इंधन यांची नोंद असते. यंत्रात बसणाऱ्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा रकाना मात्र कोराच असतो. सुरक्षेसाठी शस्त्रे लागतात, हे मान्य करूनही तो रकाना भरण्याचा आग्रह लोकशाहीत नागरिकांनीच धरावयाचा असतो. कारण त्या पोलादी पेटीत अखेर कष्टकऱ्यांचीच मुले बसतात.