पिवळं कार्ड आणि चारशे किलोमीटर
(नरडाणा येथे सहाय्यकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



सायकल फेरीची तयारी कुठवर आली ते थोडक्यात सांगा, असं मला कळवलं होतं. तयारी म्हटलं की किलोमीटर, दम आणि मांड्या एवढंच डोळ्यांपुढे येतं. तेही आहेच. ते आधी उरकतो, म्हणजे खरं काम सांगायला वेळ राहील.

आम्ही नऊ जण सायकल चालवणार आणि चार जण गाडीत. फेब्रुवारीत पळासनेरच्या सीमेवरून निघायचं आणि ठाण्याला पोचायचं. म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याचा महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा भाग, चारशे किलोमीटरच्या आसपास. सहा दिवस, रोज साठ-सत्तर किलोमीटर. नऊ जणांत एक शाळामास्तर, एक परिचारिका ताई, इथल्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे तिघे, कॉलेजची दोन मुलं आणि शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याचे दोन पावरा तरुण. मी चालवणाऱ्यांत नाही. माझा गुडघा मला परवानगी देत नाही, म्हणून माझ्याकडे पाणी, हिशोब आणि शिव्या खाणं ही तीन खाती आली.

सराव डिसेंबरपासून चालू आहे. पहाटे पाचला सगळे हायवेवर जमतात. एक दिवस सावळद्याचा तापीचा पूल ओलांडून शिरपूर, दुसऱ्या दिवशी उलट दिशेला सोनगीर. शनिवारी लांबचा पल्ला, पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशात शिरून बिजासनचा घाट. रविवारी सायकल नाही, भक्ती. घाटाचा सराव का, तर धुळं सोडल्याबरोबर लळिंग येतो आणि चांदवडच्या अलीकडे राहुड. कसारा मात्र आपल्याला चढायचा नाही, उतरायचा आहे. तिथे टाळ्या वाजवू नका. चढावर फार तर दम लागतो, उतारावर मागून कंटेनर येतो. म्हणून कसाऱ्याच्या आदल्या रात्री प्रत्येक सायकलचे ब्रेकचे गुटके बदलायचे, जुने चांगले दिसत असले तरी.

पंक्चर हा आपल्या भागाचा वेगळा विषय आहे. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ, तिचा काटा टायरमधून आरपार जातो. पहिल्या आठवड्यात इतकी पंक्चर झाली की मास्तर म्हणाले, आपण सायकल चालवत नाही, ट्यूब शिवत फिरतो. आता नवाही जणांना चाक काढून, काटा हाताने चाचपून, ट्यूब बदलून परत बसवता येतं. ताईंचा वेळ सगळ्यांत कमी लागतो.

खाणं साधं. कळण्याची भाकरी, शेंगदाणे-गूळ, केळी. दुकानातली रंगीत पुडी कुणाला लागत नाही. पाण्यात मीठ, साखर, लिंबू. या पाण्याकडे मी परत येणार आहे.

आता मुद्दा. हे कशासाठी?

सोनगीरच्या पुढे एका टपरीवर आम्ही चहाला थांबतो. तिथल्या काकांनी एकदा विचारलं, “पैसाच जमा करना शेतस, मंग सायकल कसाले?” प्रश्न बरोबर आहे. तुमच्यापैकी काहींच्या मनात तो असेल, फक्त तुम्ही सभ्यपणे विचारला नाहीत.

मी त्यांना नाशिकच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. डॉ. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, डॉ. महेंद्र महाजन दंतवैद्य. जून २०१५ मध्ये या दोघांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत झोपतो, मग पाळी बदलते. रात्री मागच्या गाडीच्या उजेडात चालवायचं. दोघांचं कौतुक झालं ते योग्यच. पण त्यांच्या संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे शब्द होते. आदिवासींच्या डोळ्यांचं काम त्यांनी आपल्या सायकलला बांधून नेलं. मोतीबिंदू झालेला पाड्यावरचा म्हातारा वर्तमानपत्रात येत नाही. सायकलवाला येतो, आणि येताना त्याला सोबत आणतो. सायकल कसाले, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. काकांनी मान हलवली आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

आपल्या फेरीचं काम सिकलसेलचं आहे. तुम्हाला हा शब्द माहीत आहे, तरी थोडं सांगतो, कारण परवाच एका शिकलेल्या माणसाने मला विचारलं की हा संसर्गाने होतो का. नाही. हा जन्माने येतो. तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग सांधे, पोट, पाठ अशी दुखतात की मोठा माणूस ओरडतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक होण्याची शक्यता चारात दोन. आपल्या राज्यात वाहकाला पिवळं कार्ड मिळतं, रुग्णाला लाल. भारतात हा आजार प्रथम नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरात. देशपातळीवरची निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी, शहडोलला. मधल्या सत्तर वर्षांत सातपुड्यातल्या किती आयांनी याला बाहेरचं काहीतरी समजून कोंबडं कापलं असेल, याचा विचार मी करतो.

गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. मग पैसे कशाला? पाड्यावरून दवाखान्यात यायचं तर आधी चालत फाट्यापर्यंत, मग काळीपिवळी, मग एसटी. सोबत एक मोठं माणूस लागतं आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. दुखत असतं तेव्हा माणूस येतो. जरा बरं वाटलं की पुढच्या महिन्याची फेरी चुकते, गोळी थांबते. तुमच्या दानातून आपण भाडं आणि बुडालेली मजुरी देणार आहोत. किलोमीटरला एक रुपया धरा, म्हणजे एका घराचे चारशे रुपये. फेरीचा खर्च, म्हणजे ट्यूब, डिझेल, जेवण, हा आम्ही तेरा जण आपसांत काढतो. दानपेटीतला रुपया सायकलला लागणार नाही. हिशोब पुढच्या अंकात छापू.

आता ज्या गोष्टीवर आमच्या संघात दोन रात्री वाद झाला, ती सांगतो. ज्याच्याविषयी आहे त्याने सांगायला परवानगी दिली आहे. नाव घ्यायचं नाही, असं ठरलं आहे.

सराव सुरू करायच्या आधी ताई म्हणाल्या, सिकलसेलसाठी निघालो आहोत तर आधी आपण सगळे तपासून घेऊ. तेराही जणांचं रक्त गेलं. दोघा पावरा तरुणांपैकी एकाचं कार्ड पिवळं आलं. त्याला धक्का बसला नाही. त्याची धाकटी बहीण लाल कार्डाची आहे, तेव्हा त्याला अंदाज होताच. धक्का आम्हाला बसला. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो शेतात नांगरतो, विहिरी खणतो. पण फार उन्हात, फार श्रम आणि अंगात पाणी कमी, असं एकत्र आलं तर वाहकालाही धोका असतो. डॉक्टरांनी आम्हाला एक अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. उष्म्यापासून जपण्याचे नियम तिथे सगळ्यांनाच लागू आहेत. वाहकांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत. श्रमाने स्नायू मोडण्याचा त्रास मात्र जास्त आढळला.

संघात दोन तट पडले. एक म्हणे, जोखीम नको, त्याला गाडीत घेऊ, झेंडा त्याच्या हातात देऊ. बोलणारे प्रेमानेच बोलत होते. पण विचार करा. आदिवासींसाठी फेरी, आणि संघातला आदिवासी गाडीत झेंडा धरून बसलेला. शिवाय पाड्यावर आधीच बोललं जातं की पिवळं कार्ड म्हणजे मुलगा कामातून गेला, मुलीचं लग्न होणार नाही. सोयरीक जुळवताना दोन पिवळी कार्डं एकत्र येऊ नयेत, एवढाच त्या कार्डाचा अर्थ आहे. आमच्याच गाडीतून वेगळा अर्थ गावोगाव गेला असता.

तो सगळं ऐकत होता. शेवटी मला म्हणाला, “दादा, गाडीतच बसायचं तर मी एसटीनेच येतो ना ठाण्याला. आधी डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर मी नाही.”

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अटी घातल्या. पल्ला हळूहळू वाढवायचा. दर अर्ध्या तासाला पाणी, तहान असो वा नसो. दुपारी अकरा ते साडेतीन सायकल बंद. ताप असेल किंवा रात्र जागून काढली असेल तर त्या दिवशी नाही. पायात गोळे आले, लघवी गडद झाली, तर उतरायचं आणि दवाखाना गाठायचा, ‘थोडंच राहिलंय’ म्हणायचं नाही.

मग मास्तरांनी वहीत या अटी उतरवल्या आणि वर लिहिलं, ‘सर्वांसाठी’. तेव्हापासून नवाही जण त्याच शिट्टीवर थांबतात. पूर्वीचा आराखडा चार दिवसांचा होता, तो सहाचा झाला. कॉलेजच्या मुलांची कुरकुर झाली. पण एक सांगतो, थांबायला लागल्यापासून कुणाच्या पायात गोळा आलेला नाही, आणि गेल्या शनिवारी बिजासनच्या माथ्यावर पहिला पोचला तो पिवळ्या कार्डाचा. मागे वळून त्याने आधी घड्याळ पाहिलं आणि पाणी प्यायला.

त्याच्या बहिणीला थंडीत त्रास वाढतो. डिसेंबरात ती आठ दिवस दवाखान्यात होती. सरावानंतर तो दादरच्या भाकरी बांधून परस्पर तिकडे जायचा. ती आता घरी आहे. पळासनेरला निरोप द्यायला तिला आणायचं, असं त्याच्या मनात आहे. तिथली सकाळ थंड असते, म्हणून तिला उन्हं वर आल्यावरच आणू. निघायला तासभर उशीर झाला तरी चालेल.

तुमच्याकडून काय हवं ते सांगून थांबतो. धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, शहापूर इथे मुक्काम आहेत. या बाजूला ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी तेरा माणसांना पथारी टाकता येईल अशी एखादी खोली पाहावी. कोमट पाण्याची सोय असली तर फार बरं. हार, शाल, नारळ नको. रात्री भाषणंही नकोत, पोरं नऊला झोपतात. त्याऐवजी त्या गावातली एखादी परिचारिका किंवा आशाताई येऊन अर्धा तास सिकलसेलविषयी बोलली तर तेवढा वेळ आम्ही जागे राहू. आणि ज्यांच्याकडे पाण्याचे वीस लिटरचे रिकामे कॅन पडून आहेत त्यांनी ते बाहेर पडताना माझ्याकडे लिहून द्यावेत. मला सहा लागतात, आतापर्यंत दोन मिळाले आहेत.