नाव घेणारी माणसे



म्हातारपणी कशाची भीती वाटते, असे विचारले तर आजारपणाची, परावलंबनाची, एकटेपणाची, अशी उत्तरे मिळतात. पण वृद्ध माणसांजवळ निवांत बसले की आणखी एक भीती बोलण्यातून डोकावते. आपल्यामागे आपले नाव कोण घेईल? मुले दूरदेशी आहेत, किंवा मुलेच नाहीत. भावंडे आधीच गेली. गावचे घर विकले गेले. मग आपण या जगात होतो हे ठाऊक असलेले कोण उरणार? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच दौंड-बारामती-इंदापूर भागातल्या ख्रिस्ती माणसांनी जगून दाखवले आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

पुण्याहून रेल्वेने सोलापूरकडे निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पुढे दौंडहून एक फाटा बारामतीला जातो, तर मुख्य मार्ग भिगवणवरून इंदापूर तालुक्याच्या कडेने पुढे सरकतो. आज या पट्ट्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, द्राक्षे-डाळिंबे आहेत, उजनी धरणाचा फुगवटा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी यातला बराचसा मुलूख अवर्षणाचा होता. नीरेच्या कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे जरा बरे दिवस आले. बाकीची गावे आभाळाकडे बघत असत. या मुलखाच्या उंबरठ्यावर, केडगावला, पंडिता रमाबाईंनी 1898 मध्ये मुक्ती सदन उभे केले.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढे 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही शेकडो जणी आल्या. बघता बघता केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा असे सगळे त्या बायकांनी चालवले. तिथे एकेका गरजेसाठी एकेक सदन होते. शारदा सदन शिक्षणासाठी. कृपा सदन जगाने फसवलेल्या आणि मग टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी. बर्तीमी सदन अंध स्त्रियांसाठी; शुभवर्तमानात येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्याचे नाव त्याला दिलेले. आणि प्रीती सदन म्हाताऱ्या, थकलेल्या, कोणी नसलेल्या बायकांसाठी.

या प्रीती सदनापाशी थोडे थांबू या. आज शहरांच्या कडेला ज्येष्ठांसाठी नवनव्या वसाहती उभ्या राहत आहेत. पण दौंड, बारामती, इंदापूरच्या टापूत वृद्ध स्त्रियांनी एकत्र राहण्याची सोय शंभर वर्षांपूर्वीही होती. तिथे यायला पैसा लागत नसे, नातेवाईक लागत नसे. नात्याचे कोणी नसणे, हीच तर तिथे येण्यामागची कहाणी असे.

रमाबाईंना ही गरज कळली, कारण ती त्यांनी स्वतः भोगली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे विद्वान. दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईचा देह स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरीही मिळेनात, तेव्हा कोवळ्या वयाच्या रमाबाई स्वतः तिरडीला लागल्या. पुढे भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये, लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा पती बिपिनबिहारी मेधावी गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सोबत लहानगी मनोरमा होती. तीच पुढे मुक्तीचा कारभार सांभाळणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाईही गेल्या. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मुळातल्या हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणण्याचे काम त्यांनी अगदी शेवटपर्यंत केले.

रमाबाई गेल्या तेव्हा रक्ताच्या नात्याने त्यांचे नाव लावणारे, त्यांचा दिवस पाळणारे कोणीच उरले नव्हते. तरीही शंभर वर्षे त्यांचे नाव केडगावात घेतले जाते आहे. ते घेणाऱ्या बायका त्यांच्या लेकी नव्हेत, सुना नव्हेत. जिच्या आईचे गाव कोणाला ठाऊक नाही, अशी दुष्काळातून आलेली पोर म्हातारी होते, धाकट्यांना रमाबाईंची गोष्ट सांगते आणि एक दिवस तिच्या कबरीवर त्याच धाकट्या जणी फुले ठेवतात. स्मरण हा वारसाचा हक्क नाही, ते सोबत्याचे काम आहे. मुक्तीने दिलेले उत्तर हेच आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते.

बारामतीच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातही नावांची एक कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाचे मिशनरी बारामतीला आले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सरकारने इथे जी वसाहत केली, तिच्या कामातही हे मिशन होते. त्या कायद्याने माणूस जन्मतःच संशयित ठरे. पोलिसांच्या वहीत नाव लागे, हजेरीला नाव पुकारले जाई आणि परवानगीवाचून वेस ओलांडता येत नसे. मिशनच्या शाळेचा, दवापाण्याचा आधार खरा, पण ती वसाहत मुळात बंधनाची होती हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, तो कायदा देशभर रद्द झाला. नाव संशयानेही पुकारता येते आणि प्रेमानेही घेता येते. ज्या घराण्यांची नावे सरकारने एकदा संशयाने लिहून ठेवली, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची नावे आपण आदराने लिहून ठेवायला हवीत, ते मग कुठल्याही धर्माचे असोत.

ख्रिस्ती श्रद्धेत स्मरणाला एवढे महत्त्व का, हे पाहायला उपासनेच्या मध्याशी जावे लागते. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन केले, भाकर मोडली, द्राक्षरसाचा प्याला दिला आणि आपल्या आठवणीसाठी हे करत जा, असे सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळी त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिक मिस्सामध्ये ते साजरे करतात. ही आठवण एकट्याने, मनातल्या मनात करायची नाही. चारजणांनी एकत्र यायचे, एका भाकरीतले खायचे. ज्याला चर्चपर्यंत चालत येता येत नाही त्याच्या खाटेशी पाळक प्रभुभोजन घेऊन जातात. अंथरुणाला खिळलेली आजी त्या घटकेला मंडळीपासून तुटलेली नसते.

मृतांची आठवण ठेवण्याच्या रीती पंथापंथांत वेगळ्या आहेत. कॅथलिक 2 नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन पाळतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी तो आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सर्वत्र गेला. त्या दिवशी गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. प्रॉटेस्टंट मंडळी गेलेल्यांच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानतात. तरी कबरींवरचे गवत काढणे, चुना देणे, फुले वाहणे, मेणबत्ती लावणे हे अनेक ठिकाणी दोघेही करतात. पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे दफनभूमीत उपासना घेण्याची प्रथाही पुष्कळ मंडळ्यांत आहे.

मृतांच्या या काळजीत परक्यांची काळजीही फार जुनी आहे. चौथ्या शतकातला रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. पण आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने मान्य केले, की परक्यांवर दाखवलेली माया आणि मृतांच्या दफनाची घेतलेली काळजी यांमुळे ख्रिस्ती लोकांचा धर्म वाढतो आहे. ज्याला कोणी नाही त्याला माती द्यायला आपण उभे राहायचे, ही त्यांची रीत विरोधकाच्याही डोळ्यांत भरली होती.

आता वृद्धांच्या निवासातल्या रोजच्या दिवसाकडे वळू. स्मृतिभ्रंशाचा आजार अनेक घरांत आला आहे. कालचे जेवण आठवत नाही, मुलाचा चेहरा ओळखू येत नाही, दिवस कोणता ते कळत नाही. अशा वेळी कानावर पडून पाठ झालेली गाणी पुष्कळदा शेवटपर्यंत टिकून राहतात. डॉक्टरही सांगतात, की संगीताची आठवण बाकीच्या आठवणींपेक्षा चिवट असते. मराठी ख्रिस्ती घरांत ही पुंजी मोठी आहे. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली गीते कितीतरी जुन्या माणसांना क्रमांकानिशी पाठ असतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या रचना पेटी-तबल्यावर, टाळांच्या साथीने गायल्या जातात. स्वतःचे नाव विसरलेली बाई ओळखीची चाल सुरू होताच शब्द जुळवू लागते, तेव्हा शेजारी बसलेल्यांनी तिच्या स्वरात स्वर मिसळावा. जे तिला आठवत नाही ते बाकीच्यांनी तिच्या वतीने आठवायचे. माणूस देवाला विसरला तरी देव त्याला विसरत नाही, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. ही श्रद्धा त्या बाईला दिसायची कशी? तिला नावाने हाक मारणाऱ्या माणसांतूनच.

टिळकांवरून आणखी एक गोष्ट. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्याच तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. या वाटेवरच्या गावांत ख्रिस्ती आणि वारकरी शेजारी म्हणून राहिले आहेत. त्यामुळे या भागातल्या वृद्धनिवासात एका खोलीत अभंग आणि दुसऱ्या खोलीत स्तोत्र ऐकू आले तर त्यात अडचण कसली? एकाचा पितृपक्ष, दुसऱ्याचा 2 नोव्हेंबर. दोन्हींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येतात.

आणि वृद्धांची आठवण म्हणजे केवळ गेलेल्यांची आठवण नव्हे. वृद्ध स्वतःच आठवणींचे धनी असतात. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक रीतसर शाळेत गेल्या नव्हत्या. 1919 मध्ये पती गेल्यावर, उतारवयात त्यांनी आपले आयुष्य सांगायला घेतले. त्यातून झालेले 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत जाऊन बसले. पतीचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, स्वतःचा बाप्तिस्मा, हे सगळे एका म्हाताऱ्या बाईने आठवून सांगितले म्हणून आज आपल्यापाशी आहे. हे सांगावे म्हणून मुलगा देवदत्त त्यांच्यामागे लागला होता. कोणी विचारणारे, लिहून ठेवणारे जवळ नसते, तर हे सगळे लक्ष्मीबाईंबरोबरच गेले असते.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. ती अमलात यायलाच हवी. पण छत, जेवण आणि औषध मिळाल्यावरही सुरुवातीला सांगितलेली भीती उरतेच. ती कायद्याने जात नाही. ती शेजारच्या माणसांनी घालवायची असते, आणि त्यासाठी लागणारे काम आपल्या आवाक्यातले आहे.

प्रत्येक वृद्धनिवासात, प्रत्येक मंडळीत एक स्मरणवही ठेवा. तिच्यात प्रत्येकाचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, मूळ गाव, केलेला उद्योग, आवडते गीत किंवा अभंग लिहा. शेवटचे विधी कसे व्हावेत हेही विचारून ठेवा. हे विचारायला कचरू नका. नीट बसून विचारले तर वृद्ध माणसे मोकळेपणाने सांगतात, अनेकांना त्याने हलके वाटते. लिहिण्याचे काम रविवारच्या शाळेतल्या, तरुण संघातल्या मुलामुलींना द्या. कोणी गेले तर पुढल्या वर्षी त्या तारखेला सकाळच्या प्रार्थनेत ते नाव मोठ्याने घ्या आणि त्या माणसाविषयी एक तरी खरी गोष्ट सांगा. ज्यांची मुले येतात त्यांच्यासाठी हे कराच. ज्यांचे कोणी येत नाही त्यांच्यासाठी आधी करा.

बारामती, इंदापूर, दौंडच्या मंडळ्यांतल्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या मंडळीतले सर्वांत वयस्क माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक असेलच. येत्या रविवारी उपासना झाली की वही घेऊन त्यांच्याकडे जा. पहिला प्रश्न त्यांच्या आईच्या नावाचा विचारा आणि ते सांगतील तसे लिहून घ्या.