जुना नियम काढताना
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला दहा मिनिटं पुरत नाहीत. पण मागे जेवणाची मांडामांड दिसते आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

कमिटीने कालबाह्य नियमांची यादी नोटीस बोर्डावर लावली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ते सगळे एका ठरावाने रद्द व्हायचे आहेत. गच्चीवरच्या अँटेनाचा नियम जाऊ दे, माझी हरकत नाही. मला बोलायचं आहे ते रॉकेलच्या नियमाबद्दल. पण आधी दुसरीकडची एक हकीकत सांगतो.

माझी मुलगी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. तिथल्या लहान गावांत अजून गावसभा भरते. मतदार स्वतः सभागृहात बसून गावाचे नियम करतात आणि रद्दही करतात. मी तिच्याकडे गेलो असताना सभेपुढे एक विषय होता, जमिनीखालच्या इंधन-टाक्यांचा गावाचा जुना नियम रद्द करणे. मी पाहुणा, मला मत नाही. मागे बसून ऐकलं.

असे नियम आले कसे? पंपांच्या टाक्या साध्या पोलादाच्या, जमिनीत पुरलेल्या. त्या आतल्या आत गंजतात आणि गळती वरून दिसत नाही. त्याच राज्यात केप कॉड नावाचा समुद्रकाठचा भाग आहे. तिथे पिण्याचं पाणी भूजलाचं. १९७७ साली तिथल्या एका पंपाची टाकी गळली आणि प्रोव्हिन्सटाउन गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा देशपातळीवर या टाक्यांसाठी कायदाच नव्हता. म्हणून गावांनी आपापले नियम केले: टाकीची नोंद करा, वय सांगा, तपासणी करा, जुनी झाली की काढा.

पुढे १९८४ साली केंद्राने कायदा केला. १९८८ साली सविस्तर नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. राज्याने तर एकेरी भिंतीच्या पोलादी टाक्या २०१७ पर्यंत काढायला लावल्या. मग गावाच्या नियमाला काम काय उरलं? एकाच टाकीचे कागद दोन ठिकाणी. रद्द करा म्हणणाऱ्यांचं चुकत नव्हतं.

तेवढ्यात एक वयस्क बाई उठल्या. म्हणाल्या, "आमच्या अंगणात पुरलेल्या टाकीचं काय?" तिथे बरीच घरं तेल जाळून गरम ठेवतात. त्या तेलाच्या घरगुती टाक्या केंद्राच्या नियमांतून वगळलेल्या आहेत. शेतावर किंवा घरी स्वतःच्या गाड्यांसाठी इंधन ठेवलं, तर १,१०० गॅलनपर्यंतची, म्हणजे सुमारे ४,१६० लिटरची टाकीही वगळलेली. म्हणजे मोठ्या टाक्यांवर पहारा बसला होता, अंगणातल्या लहान टाक्यांवर तो केंद्राचा नव्हता. सभेने पंपांचा भाग रद्द केला, घरगुती टाक्यांचा ठेवला. तोही ठराव लगेच लागू होत नाही; राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलची मंजुरी लागते.

बँकेत तारण सोडण्यापूर्वी आम्ही कर्जखातं शून्य झालं का ते पाहत असू. नियमाचंही तसंच. तो कशासाठी केला होता, ते काम आता दुसरं कोणी करतं का, आणि त्यातून काही सुटतं का, एवढं बघावं आणि मग खुशाल काढावा.

आता आपल्या घरी येऊ. पंचवीस वर्षांपूर्वी आपण नियम केला: "सदनिकेत वा सामाईक जागेत पाच लिटरपेक्षा जास्त रॉकेल वा अन्य ज्वलनशील द्रव ठेवू नये." आता पाइपचा गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेले. रॉकेल हा शब्द नक्कीच जुना झाला. पण "अन्य ज्वलनशील द्रव" जुना झालेला नाही. आपल्या जनरेटरच्या डिझेलचे कॅन जिन्याखाली, मीटर रूमला लागून ठेवलेले आहेत. जाता-येता सर्वांनी पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, सरकारी कायदा आहे की! आहे, १९३४ चा पेट्रोलियम कायदा. पण त्यात डिझेलच्या वर्गातलं इंधन एका जागी २,५०० लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही, फक्त कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. म्हणजे आपल्या जिन्याखालचे चार-सहा कॅन त्या परवान्याच्या हिशेबात येतच नाहीत. त्यांना आज अडवणारा आपला हाच नियम आहे, आणि नेमका तोच यादीत आहे.

माझी सूचना साधी आहे. हा नियम रद्द न करता बदलावा. रॉकेल काढा, डिझेल आणि पेट्रोल स्पष्ट लिहा. साठा किती, कुठे, आणि किल्ली कोणाकडे, हे ठरवा. जागा अग्निशमन दलाच्या माणसाला दाखवून घ्या. आणि कॅन जिन्याखालून हलवायला सभेची वाट पाहू नका, ते उद्या सकाळीच हलवा. वीज गेली तर जिना हाच आपला रस्ता आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माझ्यासारखे गुडघेदुखीवाले बरेच आहेत.

यादीतले बाकीचे नियमही सभेत एकेक करून वाचावेत. अर्धा तास जास्त लागेल, चहा माझ्याकडून.