डॉक्टरकीची तयारी कधीपासून करावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी खारेपाटण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार. शिक्षण दहावीपर्यंत, तेही रात्रशाळेत. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. तेव्हा डॉक्टरकीच्या परीक्षेवर आम्ही बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण या विषयात आम्ही एकदा नापास झालेलो आहोत, आणि नापास झालेल्याला पेपर चांगला आठवतो.

आमचा मोठा मुलगा २०१७ साली अकरावी पास झाला. त्याची पुस्तके आम्ही एका गरजू मुलाला देऊन टाकली. चांगले काम केले असे वाटले. डोक्यात जुना हिशोब होता, बारावीला टक्के पडले की मेडिकल. ६ मे २०१८ रोजी तो नीटला बसला. बाहेर आला तो गप्प. चहा पिताना एवढेच म्हणाला, "बाबा, अर्धो पेपर अकरावीचो होतो." त्याने आम्हाला दोष दिला नाही. पुढे बी.एस्सी. झाला, आज प्रयोगशाळेत नोकरी करतो, सुखी आहे. पण चूक त्याची नव्हती, आमची होती. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून उभे राहिलो आहोत.

आधी परीक्षा समजून घेऊ. एके काळी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत, मग राज्याची सीईटी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नीट आली आणि २०१७ पासून आपल्या राज्यात एमबीबीएसचा प्रवेश तिच्यावरच होतो. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण होते. जीवशास्त्राचे ९०, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्षांचा.

आता मूळ प्रश्न. तयारी कधीपासून? काही पालक पाचवी-सहावीपासून क्लास शोधतात. आमचे मत स्पष्ट आहे, त्याची गरज नाही. त्या वयात मुलाने भरपूर वाचावे, नदीवर पोहावे, गणित न घाबरता करावे. दुसरे पालक म्हणतात, "बारावी होऊंदे, मगे बघूया." ते मात्र फार उशिराचे. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. पाया आठवीपासून, निर्णय दहावीला आणि खरी तयारी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून.

गिरणीत साच्यावर कापड विणण्याआधी बीम भरावा लागतो, सुताला कांजी द्यावी लागते. बीम नीट भरला नसेल तर विणकर दिवसभर तुटलेल्या ताराच जोडत बसतो. आठवी ते दहावी म्हणजे तो बीम.

आपली मुले बहुतेक मराठी माध्यमाची. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण अकरावीला विज्ञान शिकवतात ते इंग्रजीतून. शाळेत प्रकाशसंश्लेषण पाठ असलेला मुलगा वर्गात फोटोसिंथेसिस ऐकतो आणि आपल्याला काहीच येत नाही असे समजून मागच्या बाकावर जातो. वस्तुतः त्याला सारे येत असते, नाव तेवढे बदललेले असते. म्हणून आठवीपासून वही करा. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज तीन शब्द धरले तरी वर्षाला हजार होतात.

दहावीची परीक्षा संपली की अकरावी सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने रिकामे जातात. घरात बसून निर्णय त्याच वेळी घ्या, आणि मुलाला स्वतःला डॉक्टर व्हायचे आहे का, हे आधी विचारा. एनसीईआरटीची पुस्तके मोबाईलवर फुकट मिळतात. त्यांतले अकरावीचे जीवशास्त्र तेव्हाच उघडा. बार्टीसारख्या संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शेत गहाण टाकून लातूर-कोटा गाठण्यापूर्वी या वाटा बघा.

अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज सोडा. बारावीची पुस्तके हातात आली तरी अकरावीची जपून ठेवा. बारावीत नाताळच्या आसपास सगळा अभ्यासक्रम एकदा व्हावा. बोर्ड परीक्षेनंतर नीटपर्यंतचा काळ नवे शिकायचा नसतो. तो घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचा असतो.

बांधवांनो, कागदांची तयारीही तेव्हाच सुरू होते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करता येतो. तो निकालानंतर करू म्हणू नका. आजोबांचा शाळेचा दाखला शोधायलाच महिने जातात. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या कायदा दुरुस्तीने. त्यामागे आपल्या माणसांचा अनेक वर्षांचा लढा आहे. एका दाखल्याच्या आळसाने तो वाया घालवू नका.

आपले कोकण मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षामागून वर्ष राज्यात पहिले येते. अभिमान आहेच. पण पास होणे वेगळे आणि देशभरातल्या वीस लाखांहून अधिक मुलांत क्रमांक लावणे वेगळे. ओरोसला २०२१ साली १०० जागांचे सरकारी मेडिकल कॉलेज मंजूर झाले. आपल्याच जिल्ह्यात कॉलेज असताना त्यात आपल्या वाडीचे मूल नसेल, तर त्या इमारतीकडे आपण एस.टी.च्या खिडकीतूनच बघत राहणार.

ही परीक्षा सर्वांना सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२४ साली पेपरफुटीने देशभर गदारोळ झाला. तामिळनाडू सरकारने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या. अशी मागणी आपणही करावी. पण मोर्चा पालकांनी काढावा, मुलांनी अभ्यास करावा.

बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतो. चांगला आहे. परंतु वर्षातून एक दिवस अठरा तास बसणे ही मानवंदना झाली. आठवीपासून रोज दोन तास बसणे हे अनुकरण झाले. तथागतांनी सांगितलेला अप्रमाद म्हणजे तरी दुसरे काय? सावध राहणे, आजचे काम आज करणे.

शेवटचे. मूल पहिल्या वेळी राहिले तर त्याला बोलू नका. एक वर्ष पुन्हा द्यायचे की नाही, हे आधीच ठरवून ठेवा. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा ही कामेही माणसाचा जीव वाचवणारीच आहेत. परीक्षा मुलासाठी आहे, मूल परीक्षेसाठी नव्हे.

आमची विहाराच्या कमिटीला विनंती आहे. संध्याकाळी सात ते नऊ विहाराचा दिवा आणि पंखा मुलांसाठी चालू ठेवावा. एक कपाट अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे करावे. पहिला संच आम्ही देतो. अट एकच, नीट होईपर्यंत अकरावीचे पुस्तक कुणी परत मागायचे नाही.

जय भीम.